दंतशास्त्रातील विशेष शिक्षण : मूळ पदवीचे मोल किती?

बी.डी.एस.च्या अंतिम वर्षाची परीक्षा पार पडली आणि आंतरवासिता सुरू झाली, की दंत महाविद्यालयाच्या आवारात एकच विषय बोलला जातो. एम.डी.एस. करावयाचे की नाही, आणि करावयाचे तर कोणत्या शाखेत? याच सुमारास विद्यार्थी व त्यांचे पालक आणखी एक प्रश्न वारंवार विचारतात. चार वर्षांत मिळविलेले गुण, महाविद्यालयाचे नाव, एखाद्या विषयातील पारितोषिक, यांपैकी कशाचा विशेष शिक्षणाच्या प्रवेशासाठी उपयोग होतो काय? की सारे काही तीन तासांच्या एका परीक्षेवरच अवलंबून आहे?

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की प्रवेशाची गुणवत्ता यादी बी.डी.एस.च्या गुणांवरून लागत नाही. ती प्रवेश परीक्षेतील गुणांवरून लागते. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातील पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी आणि एखाद्या तालुक्याच्या गावी नव्याने निघालेल्या खाजगी महाविद्यालयातील सर्वसाधारण विद्यार्थी यांना त्या परीक्षेत एकाच मापाने मोजले जाते. हे उत्तर खरे आहे. परंतु अपुरे आहे, आणि या अपुऱ्या उत्तरावर विसंबून अनेक विद्यार्थी आपले नुकसान करून घेतात. मूळ पदवीचे महत्त्व कोठे संपते व कोठे संपत नाही, हे नीट समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

कायद्याने आखलेली रेषा

दंतवैद्यकाच्या व्यवसायास पदवी हवीच, हा विचार आपल्याकडे फार जुना नाही. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय सुरू झाले. तरीही स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशातील बहुसंख्य लोकांचे दात पदवी नसलेल्या व्यावसायिकांच्याच हाती होते. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने यात प्रथमच रेषा आखली. राज्याच्या नोंदवहीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग करण्यात आले. मान्यताप्राप्त पदवी असलेल्यांची नोंद ‘अ’ भागात व्हावयाची. पदवी नसताना किमान पाच वर्षे ज्यांचा चरितार्थ याच व्यवसायावर चालला होता, त्यांची ‘ब’ भागात. जुन्या शहरांतील काही दुकानवजा दवाखान्यांच्या पाट्या ज्यांनी लहानपणी पाहिल्या असतील, त्यांना या ‘ब’ भागाची कल्पना सहज येईल.

पुढे महाविद्यालये वाढली. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये, तर त्या वेळच्या औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, १९८२ मध्ये सुरू झाले. बी.डी.एस. ही चार वर्षांची पदवी व त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता अशी रचना रूढ झाली. बी.डी.एस. झालेल्या दंतवैद्यास दात काढण्यापासून कवळी बसविण्यापर्यंतची सर्वसाधारण कामे करता येतात. विशेषज्ञ म्हणून नाव लावावयाचे तर मात्र तीन वर्षांचा एम.डी.एस. अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्याच्या नऊ शाखा आहेत : कृत्रिम दंतशास्त्र, हिरड्यांचे विकार, मुख व जबड्याची शस्त्रक्रिया, दंतसंरक्षण व रूट कॅनाल उपचार, वेड्यावाकड्या दातांवरील उपचार, मुखविकृतिशास्त्र, सार्वजनिक दंतआरोग्य, बालदंतोपचार आणि मुखरोगनिदान व क्ष-किरणशास्त्र.

गुणांच्या यादीपासून एका परीक्षेपर्यंत

पदवी परीक्षेतील गुणांवरूनच पदव्युत्तर प्रवेश द्यावेत, ही कल्पना वरवर पाहता न्याय्य वाटते. ज्याने चार वर्षे सातत्याने अभ्यास केला त्याला त्याचे फळ मिळावे, यात गैर काय? अडचण मापाची होती. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होईपर्यंत राज्यातील दंत महाविद्यालये निरनिराळ्या विद्यापीठांना जोडलेली होती. मुंबईचे ६० टक्के आणि मराठवाड्याचे ६० टक्के यांची बरोबरी कशी करावयाची? एका ठिकाणी पेपर कडक तपासले जात, दुसऱ्या ठिकाणी सैल. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेचे गुण तर परीक्षकाच्या मर्जीवर बरेचसे अवलंबून असत. आपल्याच महाविद्यालयातील विद्यार्थ्याला दोन गुण जास्त पडावेत असे एखाद्या अध्यापकाला वाटले, तर त्यात अनैसर्गिक काही नाही. परंतु त्या दोन गुणांमुळे दुसऱ्या गावच्या विद्यार्थ्याची जागा जात होती. खाजगी महाविद्यालये वाढल्यानंतर प्रश्न अधिकच बिकट झाला. निरनिराळ्या संस्थांच्या निरनिराळ्या प्रवेश परीक्षा, त्यांचे वेगवेगळे अर्ज, वेगवेगळी शुल्के, आणि देणगीची कुजबूज, असा तो काळ अनेक पालकांना आठवत असेल.

दंतवैद्यक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन संपूर्ण देशासाठी एकच प्रवेश परीक्षा बंधनकारक झाली, आणि २०१७ च्या प्रवेशांपासून ‘नीट-एमडीएस’ ही परीक्षा लागू झाली. तीत २४० प्रश्न, प्रत्येकी चार गुण आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा, असा आराखडा रूढ झाला. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि अभिमत विद्यापीठांतील जागा केंद्रीय समितीमार्फत भरल्या जातात. उरलेल्या जागांचे प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. कोणत्याही मार्गाने गेले तरी क्रम ठरतो तो याच परीक्षेवरून.

लहान गावातील, नाव नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला या व्यवस्थेने मोठा आधार दिला, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या पदवीवर कोणाचे नाव आहे यावरून त्याला कोणी अडवीत नाही. मात्र परीक्षा चार वर्षांचे मोजमाप करू शकत नाही, हेही तितकेच खरे आहे.

पदवी जेथे आडवी येते

गुण मोजले जात नाहीत याचा अर्थ पदवी मोजली जात नाही असा होत नाही. पदवी मान्यताप्राप्त महाविद्यालयाची असली पाहिजे आणि राज्य दंत परिषदेकडे नोंदणी झालेली असली पाहिजे, या दोन अटी सर्वांना माहीत असतात. तिसरी अट मात्र अनेकांना उशिरा उमगते. वर्षभराची आंतरवासिता ठरावीक तारखेच्या आत पूर्ण झाली नसेल, तर परीक्षेस बसता येत नाही, अथवा बसूनही उपयोग होत नाही. ही तारीख दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत जाहीर होते.

येथे बी.डी.एस.च्या एखाद्या विषयातील अपयश फार महागात पडते. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्रात किंवा तिसऱ्या वर्षी सामान्य शल्यशास्त्रात एखादा विद्यार्थी राहिला, तर तो सहा महिने मागे पडतो. महाविद्यालयात अशा विद्यार्थ्यांना ‘ऑड बॅच’चे म्हणतात. सहा महिने ही काही फार मोठी गोष्ट नव्हे, असे त्या वेळी वाटते. परंतु त्याची आंतरवासिताही सहा महिने पुढे सरकते, ठरलेली तारीख ओलांडते, आणि एम.डी.एस.साठी त्याला आणखी एक पूर्ण वर्ष थांबावे लागते. घरी धाकट्या भावंडांचे शिक्षण व्हावयाचे आहे, वडिलांची निवृत्ती जवळ आली आहे, अशा कुटुंबात हे एक वर्ष पुष्कळदा निर्णायक ठरते. मुलगा एखाद्या दवाखान्यात पगारावर काम धरतो, आणि विशेष शिक्षणाचा विचार तेथेच मागे पडतो. म्हणजे ५५ टक्के की ७० टक्के, याला गुणवत्ता यादीत स्थान नाही. मात्र वेळेवर उत्तीर्ण होणे की न होणे, यावर सारे अवलंबून आहे.

पदवी कोणत्या राज्यात घेतली, हाही मुद्दा दुर्लक्षण्यासारखा नाही. राज्याच्या कोट्यातील जागांसाठी कोण पात्र, हे ठरविताना बी.डी.एस. कोठे झाले याचा विचार होतो. सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप जैन यांच्या प्रकरणात १९८४ मध्येच पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांत केवळ रहिवासावर आधारलेले आरक्षण अमान्य केले होते. मात्र ज्या संस्थेतून पदवी घेतली त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना मर्यादित प्राधान्य देण्यास मुभा ठेवली होती. जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांबाबत हीच भूमिका पुन्हा मांडली. बारावीनंतर दुसऱ्या राज्यात बी.डी.एस.साठी मुलाला धाडणाऱ्या पालकांनी, तेथून परतल्यावर एम.डी.एस.साठी येथे त्याची पात्रता काय राहील, हे त्या त्या वर्षीच्या नियमांत आधीच पाहून ठेवणे इष्ट.

मेणाच्या दातापासून

आता प्रवेश मिळाल्यानंतरचे पाहू. पदवीचे खरे मोल तेथे कळून येते, आणि दुर्दैवाने त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

बी.डी.एस.च्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याच्या हाती मेणाची वडी आणि कोरणी दिली जाते. समोर दाताचा नमुना असतो. तो पाहून मेणात दात कोरावयाचा असतो : पुढचा पटाशीचा दात, सुळा, मग दाढ. बारावीला जीवशास्त्रात उत्तम गुण मिळविलेल्या मुलांचीही येथे तारांबळ उडते. दाढेवरचे उंचवटे जुळत नाहीत, कड तुटते, मेण पुन्हा वितळवावे लागते. हा खेळ कशासाठी, असे अनेकांना वाटते. चार वर्षांनंतर जेव्हा एखाद्या रुग्णाच्या किडलेल्या दाढेत भरण करताना तेच उंचवटे तोंडात, ओल्या जागेत, आरशातून पाहून उभे करावे लागतात, तेव्हा त्याचे उत्तर मिळते.

दुसऱ्या वर्षी कवळीचे काम येते. ठशावरून प्लास्टरचा साचा काढावयाचा, जबड्यांच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या उपकरणावर तो चढवावयाचा, मेणात एकेक कृत्रिम दात असा बसवावयाचा की वरची व खालची ओळ नीट मिळावी. त्याच वर्षी कृत्रिम दातांवर भरणासाठी खळगा कोरण्याचा सराव होतो. पुढे काढलेल्या दातांवर मूळनलिकेचा सराव, वेड्यावाकड्या दातांच्या विभागात तार वाकवून कड्या तयार करणे, आणि मग प्रत्यक्ष रुग्ण. प्रत्येक विभागात ठरावीक संख्येने कामे पूर्ण करून अध्यापकाची सही घ्यावी लागते. ही सही कशी मिळविली, स्वतः काम करून की मित्राचे काम दाखवून, हे गुणपत्रिकेवर कोठेच उमटत नाही. प्रवेश परीक्षेतही उमटत नाही. एम.डी.एस.च्या पहिल्याच महिन्यात मात्र लपून राहत नाही.

पदव्युत्तर विभागातील जबाबदारी वेगळी असते. कृत्रिम दंतशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे येणारा रुग्ण बहुधा दोन कवळ्या आधी करून कंटाळलेला असतो. शस्त्रक्रिया विभागात रात्री मोटारसायकलच्या अपघातात जबडा मोडलेला तरुण येतो. तेथे हातात सुई कशी धरावी, बधिरतेचे इंजेक्शन नेमके कोठे द्यावे, हे शिकविण्यास कोणाला वेळ नसतो. ते येते असेच गृहीत धरलेले असते. ज्याने बी.डी.एस.मध्ये मन लावून काम केले तो पहिल्या सहा महिन्यांत पुढच्या गोष्टी शिकू लागतो. ज्याने केले नाही त्याचे ते सहा महिने मागची बाकी फेडण्यात जातात, आणि त्या काळात रुग्णाला त्रास होतो तो वेगळाच.

पुस्तकी विषयांचेही असेच आहे. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र हे विषय पहिल्या दोन वर्षांत ‘उत्तीर्ण करून टाकावयाचे’ म्हणून पाहिले जातात. तेच विषय प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा समोर येतात. २०१७ च्या नियमांनुसार एम.डी.एस.च्या पहिल्या वर्षाअखेर मूलभूत शास्त्रांची परीक्षा असल्याने तिसऱ्यांदाही येतात. एकदा नीट शिकलेला विषय तीन वेळा उपयोगी पडतो. एकदा टाळलेला विषय तीनदा आडवा येतो.

आंतरवासितेचे वर्ष

या साऱ्यात सर्वांत मोठी हानी होते ती आंतरवासितेच्या वर्षाची. अभ्यासक्रमाने या वर्षाची काळजीपूर्वक वाटणी केलेली आहे. शस्त्रक्रिया आणि कृत्रिम दंतशास्त्र यांना प्रत्येकी दीड महिना, इतर बहुतेक उपचार विभागांना एकेक महिना, आणि सार्वजनिक दंतआरोग्य व ग्रामीण सेवेसाठी तब्बल तीन महिने. नवशिका दंतवैद्य अध्यापकाच्या देखरेखीखाली स्वतंत्रपणे काम करतो असे हे एकमेव वर्ष. प्रत्यक्षात याच वर्षी प्रवेश परीक्षेची तयारी ऐन भरात असते. सकाळी हजेरी लावून दुपारी शिकवणी वर्गाकडे धाव घेणारे, ग्रामीण केंद्रावरील तीन महिने म्हणजे वाचनाची सवड असे समजणारे विद्यार्थी कमी नाहीत. त्यांना सरसकट दोष देणेही योग्य नव्हे. गुण देणारी परीक्षा एक आणि कौशल्य देणारे वर्ष दुसरे, अशी विभागणी आपणच केल्यावर तरुण मुले गुणांच्या मागे धावणारच.

परंतु त्या ग्रामीण केंद्रावर काय शिकावयास मिळते, याचा विचार व्हावा. विदर्भात खर्रा खाण्याची सवय लहान वयातच जडलेली दिसते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी सुपारी आणि तंबाखू तोंडात धरण्याची सवय गेलेली नाही. असा एखादा पंचविशीतला तरुण दाढ दुखते म्हणून केंद्रावर येतो. दाढ काढून त्याला घरी पाठविणे पाच-दहा मिनिटांचे काम आहे. मात्र त्याचे तोंड पुरेसे उघडते काय, त्याची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात काय, गालाची आतली त्वचा पांढुरकी व ताठर झाली आहे काय, हे पाहण्याची सवय लागलेली असेल, तर पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकणारा विकार त्याच दिवशी ध्यानात येतो. प्रवेश परीक्षेतही या विकाराचे छायाचित्र देऊन प्रश्न विचारला जातो, आणि चार पर्यायांतून योग्य नाव निवडणारे पुष्कळ असतात. दाढेसाठी आलेल्या रुग्णाचा गाल आपण होऊन उघडून पाहणे ही निराळी विद्या आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. तो डाग कीड समजून कोरावयाचा नसतो, आणि उपचाराइतकीच चौकशी गावच्या विहिरीची व कूपनलिकेची करावयाची असते, हेही तेथेच कळते. पुढे बालदंतोपचार किंवा सार्वजनिक दंतआरोग्य या शाखांत जाणाऱ्यास यासारखी दुसरी पाठशाळा नाही.

शाखेच्या निवडीवरही या वर्षाचा परिणाम होतो. प्रवेशाच्या वेळी क्रमांक पाहून, ज्या शाखेला मागणी अधिक ती शाखा घेण्याकडे सर्वांचा कल असतो. मुखविकृतिशास्त्र किंवा सार्वजनिक दंतआरोग्य यांसारख्या शाखांतील जागा रिकाम्या राहतात, आणि काही वर्षी तर त्या भरण्यासाठी पात्रतेचे पर्सेंटाइल खाली आणावे लागले आहे. ज्याने सर्व विभागांत मनापासून काम केले आहे त्याला आपला हात कोठे रमतो हे ठाऊक असते. ज्याने केलेले नाही तो शेजाऱ्याला विचारून शाखा निवडतो.

परदेशी जाऊ इच्छिणारांसाठी

भारतात ज्या गुणपत्रिकेकडे कोणी पाहत नाही, तिला परदेशात अचानक किंमत येते. अमेरिकेची पद्धत आपल्याहून वेगळी आहे. तेथे बहुतेक विद्यार्थी प्रथम महाविद्यालयाची सर्वसाधारण पदवी घेतात, मग चार वर्षे दंत विद्यालयात शिकतात आणि त्यानंतर विशेष शिक्षणाकडे वळतात. सर्वसाधारण पदवी रसायनशास्त्रात घेतली की इतिहासात, कोणत्या विद्यापीठात घेतली, याला विशेष शिक्षणाच्या निवडीत फारसे वजन राहत नाही. पाहिले जातात ते दंत विद्यालयातील गुण, वर्गातील क्रम, अध्यापकांची शिफारसपत्रे, संशोधन आणि मुलाखत. पूर्वी तेथील राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षेतील गुणांना मोठे महत्त्व होते. २०१२ पासून तिचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा देण्यास सुरुवात झाल्यावर विद्यालयीन कामगिरीकडे अधिक लक्ष जाऊ लागले.

आपल्या येथून बी.डी.एस. करून तिकडे अर्ज करणारास चारही वर्षांच्या गुणपत्रिकांचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. पहिल्या वर्षी जेमतेम उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण तेव्हा पुन्हा कागदावर येतात. शिफारसपत्र मागावयाचे तर ज्या अध्यापकांच्या विभागात आपण कधी थांबलोच नाही, ते लिहिणार तरी काय? शिवाय तेथील बहुतेक राज्यांत व्यवसायाचा परवाना मिळविण्यासाठी भारतीय पदवीधरास पुन्हा दोन-तीन वर्षे दंत विद्यालयात काढावी लागतात. म्हणून हा निर्णय खर्चाचा नीट हिशेब करूनच घ्यावा.

येऊ घातलेला बदल

पदवी परीक्षा आणि प्रवेश परीक्षा यांतील ही फारकत कायमची राहील असे नाही. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. बी.डी.एस.च्या अंतिम वर्षाअखेर देशभर एकच निर्गमन परीक्षा घ्यावी आणि तिच्याच निकालावरून व्यवसायाचा परवाना व पदव्युत्तर प्रवेश दोन्ही द्यावेत, अशी तरतूद या कायद्यात आहे. त्यासाठी कायदा अमलात आल्यापासून तीन वर्षांपर्यंतची मुदत ठेवलेली आहे. ही परीक्षा सुरू झाली म्हणजे पदवीचे शेवटचे वर्ष आणि एम.डी.एस.चा प्रवेश एकाच धाग्याने बांधले जातील. आंतरवासितेचे वर्षही प्रवेश परीक्षेच्या ओझ्यातून बरेचसे मोकळे होण्यास जागा राहील. प्रात्यक्षिकाचे मोजमाप तीत कसे होते, यावर तिचे यश अवलंबून राहील. केवळ पर्यायी उत्तरांचे प्रश्न राहिले, तर शिकवणी वर्ग एक वर्ष अलीकडे सरकतील, इतकेच.

तोपर्यंत एम.डी.एस.साठी नीट-एमडीएसचाच मार्ग आहे. आज दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांनी दर वर्षीची माहितीपुस्तिका प्रसिद्ध होताच आंतरवासितेची अंतिम तारीख, राज्य कोट्याची पात्रता आणि नोंदणीच्या अटी या तीन बाबी प्रथम वाचाव्यात. नोंदणीची कागदपत्रे राज्य दंत परिषदेकडे वेळेत दाखल करावीत. आणि आंतरवासिता पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र महाविद्यालयाकडून मिळण्यास काही वेळा विलंब लागतो, हे लक्षात घेऊन त्याचा अर्ज शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.